‘६३ सीसी’चा पोल सॉ: स्टिकरवर एक, सिलिंडरमध्ये दुसरंच

आंब्याची जुनी कलमं उंच गेली की आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही. झाडावर चढून फांदी मारणारा गडीही आता सहज सापडत नाही. मग बागायतदार पेट्रोलवर चालणारा पोल सॉ, म्हणजे लांब नळीच्या टोकाला बसवलेली चेनची करवत, शोधायला लागतो आणि मोबाइलवर त्याला जाहिरात दिसते: ६३ सीसी, ४ एचपी, ५-इन-१, १६ फूट, शॉकप्रूफ. किंमत नावाजलेल्या कंपनीच्या यंत्रापेक्षा कितीतरी कमी. या एका ओळीतल्या पाचही गोष्टी खोट्या असू शकतात. त्या कशा पकडायच्या, तेवढंच इथे सांगायचं आहे.

सीसीपासून, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरच्या घनफळापासून, सुरू करू, कारण सर्वात जास्त पैसे याच आकड्यावर उकळले जातात. स्वस्तात येणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांवर, बहुतेकदा माहितीच्या पट्टीवर, ‘१ई४०एफ-५’ किंवा ‘१ई४४एफ-५’ असा क्रमांक असतो. १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, एफ म्हणजे हवेने थंड होणारं. मधला आकडा सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधली पिस्टनची धाव, ३४ मिमी. आता सेंटिमीटरमध्ये व्यास × व्यास × ०.७८५ × स्ट्रोक असा हिशेब करा: ४ × ४ × ०.७८५ × ३.४, म्हणजे ४२.७ सीसी. ४४ व्यासाच्या इंजिनाला हाच हिशेब लावला की ५१.७ येतात. याच स्ट्रोकवर ६२ च्या आसपास पोचायला व्यास ४८ मिमी लागतो. म्हणजे पट्टीवर ४० आणि बाजूच्या चकचकीत स्टिकरवर ६३ असेल तर दोघांपैकी स्टिकर खोटं बोलतंय. पट्टीच खरवडलेली असेल तर दुकानदाराकडे याच यंत्राची पिस्टन रिंग मागा. विकत घेऊ नका, नुसती बघा. रिंगच्या पाकिटावर व्यास छापलेला असतो. मालक कितीही सांगो, गल्ल्यामागचा पोरगा बरोबर ४० ची रिंग काढून देतो.

एचपीचंही तसंच. या जातीच्या ५२ सीसी इंजिनातून साधारण दीड किलोवॅट, म्हणजे दोन एचपी निघतात. चार एचपी म्हणजे जवळपास तीन किलोवॅट. एवढी ताकद जंगलात झाडं पाडायच्या व्यावसायिक चेनसॉत असते. आणि गंमत अशी की पोल सॉला ती लागतच नाही. १० किंवा १२ इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ते पातं) आणि मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या फांद्या, एवढ्यासाठी २५ ते ३६ सीसी पुरे. त्यावर वाढणारा प्रत्येक सीसी म्हणजे खांद्यावर वाढलेलं वजन. वजन विचाराल तेव्हा पेट्रोल, चेन ऑइल, बार, चेन आणि जोडनळी धरून विचारा. जाहिरातीतलं वजन पुष्कळदा नुसत्या इंजिनाचं असतं.

फोर-स्ट्रोकमध्ये जरा निराळा खेळ आहे. होंडाचं मूळ जीएक्स-३५ इंजिन ३५.८ सीसीचं, व्यास ३९ आणि स्ट्रोक ३० मिमी. त्याची नक्कल ‘१३९एफ’ या क्रमांकाने येते. तिचाही व्यास ३९, पण स्ट्रोक २६, म्हणून ती ३१ सीसीची. ‘होंडा टाइप ३५ सीसी’ म्हणून हीच विकली जाते. शिवाय फोर-स्ट्रोक इंजिन खोक्यातून ऑइलशिवाय येतं. ते सांगितलं नाही की पहिल्याच दिवशी इंजिन जाम होतं, आणि मग ‘चूक तुमची’ म्हणायला दुकानदार मोकळा.

‘५-इन-१’ म्हणजे मुळात गवत कापायचा ब्रश कटर, त्याला पुढे सॉचं डोकं जोडलेलं. असं जोडणं वाईट नाही, नावाजलेल्या कंपन्याही असे संच काढतात. फसगत होते ती ‘कुठल्याही मशिनला बसेल’ म्हणून सुटं डोकं विकतात तेव्हा. बाहेरची नळी २६ मिमीची असते किंवा २८ ची. आतला दांडा चौकोनी असतो किंवा दातांचा, आणि दातही कुठे सात तर कुठे नऊ. हे तीनही जुळले तरच डोकं नीट बसतं. जवळपास जुळलेलं डोकं दुकानात फिरून दाखवतं, पण बागेत दोन-चार फांद्यांनंतर दांड्याचे दात घासून जातात. मग इंजिन बोंबलतं आणि चेन जागची हलत नाही. अशा वेळी ‘क्लच गेला’ सांगून नवा क्लच गळ्यात मारतात. क्लचचे पैसे देण्याआधी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, नळी इंजिनापासून सोडवा आणि हातमोजा घालून आतला दांडा फिरवा. दांडा फिरतोय पण चेन फिरत नाही, तर दोष पुढच्या गिअरमध्ये किंवा दातांमध्ये आहे. क्लचचा त्यात काही संबंध नाही.

१६ फुटांचं कोडं सोपं आहे. त्यात तुमची उंची आणि वर केलेला हात धरलेला असतो. टेप लावा आणि इंजिनाच्या टोकापासून बारच्या टोकापर्यंत मोजा. पोल साठ अंशांपेक्षा जास्त उभा धरायचा नसतो, कारण तुटलेली फांदी नळीवरून घसरत थेट धरणाऱ्याच्या अंगावर येते. त्यामुळे खरी पोहोच आणखी कमी होते.

यंत्र चालू केल्याशिवाय पैसे देऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चालू केल्यावर बघायचं काय हे फारसं कुणी सांगत नाही. थंड इंजिन मागा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्या ओढीत सुरू होतं, त्यात नवल नाही. सुरू झाल्यावर अॅक्सिलरेटर सोडा: चेन थांबलीच पाहिजे. कार्बोरेटर बरोबर नसला की इंजिन मंद गतीवर बंद पडतं, म्हणून दुकानदार स्क्रू पिळून ती गती वाढवून ठेवतात. मग क्लच सुटत नाही आणि हात काढला तरी चेन फिरत राहते. असं यंत्र घेऊन झाडाखाली उभं राहणं म्हणजे उघडी करवत डोक्यावर धरून चालणं. याची दुसरी बाजू म्हणजे कार्बोरेटरमधून हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडून मिश्रण पातळ करून ठेवणं. तसं केलं की गती वाढते, आवाज तिखट येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण पातळ मिश्रणात पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी पडतं, आणि पूर्ण जोरावर अर्धा तास चाललं की पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने ओरखडून निघतो.

चेन ऑइलची परीक्षा दोन मिनिटांची आहे. टाकी भरा, बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि चेन जोरात फिरवा. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. रेघ नाही म्हणजे पंप नाही, किंवा पंपाचा प्लॅस्टिकचा गिअर मेलेला आहे. कोरडी चेन बारची खोबण निळी करते आणि ताणून सैल होते. काही डोक्यांना टाकी दिसते, पण पंप नसतो. तेल नुसतं ठिबकतं, आणि यंत्र उभं ठेवलं की रात्रभरात जमिनीवर.

चेन बघताना दोन मापं विचारा. पिच बहुधा तीन अष्टमांश इंच लो-प्रोफाइल असतो. तीन लागोपाठच्या रिवेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की सुमारे ९.३ मिमी यायला हवं. दुसरं, खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी: १.३ किंवा १.१ मिमी. १.३ च्या खोबणीत १.१ ची चेन घातली की ती डुलते आणि काप तिरका जातो. बदली चेन घेताना खालच्या कड्या मोजून न्या, नुसतं ‘दहा इंची’ म्हणू नका. या चेनला ४ मिमीची गोल कानस आणि ३० अंशांचा कोन लागतो. दोन-तीन फांद्यांत धार जात असेल आणि भुसा पिठासारखा पडत असेल तर चेनचं पोलाद हलकं आहे. मात्र एक गोष्ट आधी तपासा: वरच्या बाजूने दातांची धार बारच्या टोकाकडे आहे ना? उलटी चढवलेली चेन घेऊन भांडायला गेलेली माणसं कमी नाहीत. तिथे फसवणूक नसते, घाई असते.

आता ऑइल. टू-स्ट्रोकला एका लिटर पेट्रोलमध्ये २५:१ ला ४० मिली, ४०:१ ला २५ मिली, ५०:१ ला २० मिली टू-टी ऑइल लागतं. दुकानात तोंडी एक सांगतात, पुस्तिकेत दुसरं असतं, आणि इंजिन बसलं की वॉरंटी याच फरकावर नाकारतात. प्रमाण बिलावर लिहून घ्या. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि हलक्या रबराच्या नळ्या व कार्बोरेटरचा पडदा त्याने खराब होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर पुढच्या वर्षी कार्बोरेटर नवा.

‘शॉकप्रूफ’ हा शब्द मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण इथे पैसे नव्हे, जीव जातो. नळी फायबरची असली तरी आतला दांडा पोलादी असतो. अॅल्युमिनियमच्या नळीबद्दल तर बोलायलाच नको. ओली फांदी तारेला टेकली की तीही वीज वाहते. पेट्रोल पोल सॉ विजेपासून सुरक्षित नसतो. तारेपासून किमान १५ मीटर लांब राहा. त्याहून जवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. यंत्र शॉकप्रूफ आहे असं जो सांगतो, त्याच्याकडून बाकी काहीही घेऊ नये.

जाड फांदीला आधी खालून पाव भाग काप द्या, मग थोडं पुढे वरून. खालचा काप नसेल तर फांदी साल सोलत खाली येते आणि बार चिमटीत अडकतो. अडकलेला बार यंत्राने हिसकला की वाकतो, आणि वाकलेला बार कुठल्याच वॉरंटीत बसत नाही. बार ढकलायचा नसतो, चेन स्वतःच्या वजनाने कापते. ‘जोर लावा’ असं दुकानदार सांगत असेल तर चेन बोथट आहे.

‘अनुदान आम्ही मिळवून देतो, आधी यंत्र घ्या’ हाही एक सापळा आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर, अर्ज, निवड आणि पूर्वसंमती यांच्यानंतरच खरेदी करायची असते. आधी घेतलेल्या यंत्राचं बिल नंतर जोडून चालत नाही.

बिल पक्कंच घ्या. त्यावर इंजिन क्रमांक, मॉडेल, सीसी आणि १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल आणि कमाल किंमत छापलेली असणं बंधनकारक आहे. ऑनलाइन घेतलं असेल तर खोकं फोडण्यापासून इंजिनाच्या पट्टीपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. माल आला पण खोटा निघाला तर १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. तक्रारीला जाहिरातीचा स्क्रीनशॉट, इंजिनाच्या पट्टीचा फोटो आणि वर दिलेला व्यास-स्ट्रोकचा हिशेब जोडा.