कोकोपीटची पाच किलोची लादी: एक पावसाळा आणि एक शिमगा वापरून झाल्यावर

आधी मत सांगते, कारणं नंतर. किनाऱ्यालगत राहत असाल आणि कुंड्यांमध्ये अँथुरियम, मोन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, कलेथिया अशी मंडळी असतील, तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा (वरच्या काथ्याच्या सालाचा) दाबून लादी केलेला भुसा, जरूर घ्या. सक्युलंटसाठी, म्हणजे पानाखोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांसाठी, घेऊ नका. वेष्टनावर 'सर्व झाडांसाठी उत्तम' असं छापलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने कोकणातला जुलै पाहिलेला नसावा.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. मागच्या मे महिन्यात लादी आणली. पाच किलोची लादी भिजून ७०-७५ लिटर होते, त्यामुळे घमेली, बादल्या, जुना टब, सगळं कामाला लागतं. हा पसारा सासूबाई ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गो, परड्यात सोडणांचो ढीग पडलो हा आणि तू भुसो इकत हाडतंस?" त्यांच्या म्हणण्यात किती तथ्य होतं ते पुढे येईलच.

धुण्याबद्दल विक्रेते कमी बोलतात, म्हणून सविस्तर लिहिते. काथ्यासाठी सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजवतात, शिवाय सोडणात मुळातच क्षार असतात. ते सगळं भुशात उतरतं. माझी लादी 'धुतलेली' म्हणून विकली होती. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं आणि पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर त्यात बुडवल्यावर आकडा विहिरीच्या पाण्याच्या कितीतरी पुढे गेला. पाणी बदलत राहायचं, आकडा विहिरीच्या जवळ येईपर्यंत. मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ द्रावणात ठेवायचं. नाहीतर हा भुसा खतातलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो आणि झाडाच्या वाट्याला सोडियम-पोटॅशियम येतं. कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारं कॅल्शियम नायट्रेट सहज मिळतं.

सक्युलंट मुद्दाम दोन प्रकारे लावली होती. काही कोकोपीट आणि गांडूळखतात, काही जांभ्याच्या चुऱ्यात. दोन्ही कुंड्या पडवीत पत्र्याखाली, म्हणजे वरून थेंबही नाही. तरी ऑगस्टपर्यंत कोकोपीटच्या कुंड्या उचलल्या तर जडच. ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून रात्री उघडतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यातली रात्र म्हणजे ओली गोधडी. पाणी वर खेचलं जाणार कुठून? भुसा तर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. एचेवेरिया गणपतीआधीच पाघळल्या. हॉवर्थिया तगल्या, पण मुळं तपकिरी पडली होती. कोरफडीला कशाचंच काही नाही; तिला परीक्षणातून वगळते.

खरा निकाल लागला तो आता, फाल्गुनात. अडेनियम हेही फुगीर गड्ड्याचं सक्युलंटच, तेही दोन्ही प्रकारे लावलं होतं. शिमग्याच्या सुमारास त्याला नवी पालवी फुटते, तेव्हा कुंडी बदलायची. जांभ्यातल्या झाडाचा गड्डा अंगठ्याने दाबला तर कच्च्या सुरणासारखा टणक. कोकोपीटमधल्याचा एका बाजूने दबला. साल खरवडली तर आत पिवळट, आंबूस वासाचा भाग. पांढरा गर लागेपर्यंत धारदार सुरीने कापत गेले, कापावर हळद लावली आणि आठवडाभर सावलीत उघडा ठेवला. आता तोही पालवतोय, पण आकार गेला तो गेलाच. अडेनियमचा चीक विषारी आहे, हातमोजे घालूनच कापा.

जांभ्याचा चुरा चिरेखाणीवर जवळजवळ फुकट मिळतो. चाळून बारीक पूड टाकून द्यायची, कारण ती भिजून सुकली की दगडच होते. हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे, त्यात थोडे विटांचे तुकडे आणि मूठभर गांडूळखत. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं.

आता कोकोपीटची चांगली बाजू. अँथुरियम, मोन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळवाच्याच कुळातली, त्यामुळे इथली हवा त्यांना माहेरची. कोकोपीटमध्ये मुळं इतकी मोकळी पसरली की कुंडी उलटी केल्यावर पांढऱ्या मुळांची जाळी अख्खी बाहेर आली. मार्चमध्ये मतलई वारे लांबतात, खारे वारे दुपारपर्यंत येत नाहीत आणि हवा अचानक कोरडी होते, तेव्हा तर हा ओलावा फारच कामाचा. कलेथियाच्या कडा यंदाही करपल्या, पण त्या हवेने. त्याला सावलीची जाळी आणि शेजारी दाटीने ठेवलेल्या कुंड्या एवढाच इलाज. एक फसवी गोष्ट मात्र आहे: वरचा थर सुकून फिकट दिसतो आणि खाली चिंब असतं. काडी खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. आणि कोकोपीटमध्ये पोषण नावाला असतं, दर पंधरवड्याला खत द्यावंच लागतं. भुसा खाली बसतो, दिवाळीनंतर वरून भर घालावी लागली.

सासूबाईंच्या ढिगाचं: सोडणांचे सुपारीएवढे तुकडे करून पूर्ण पावसाळा परड्यात उघड्यावर टाकले. पावसाने त्यातलं मीठ आणि तपकिरी रंग धुऊन नेला. अँथुरियमला निम्मे हे तुकडे, थोडा कोळसा आणि उरलेलं कोकोपीट असं दिलं, आणि विकतच्या नुसत्या भुशापेक्षा तीच कुंडी यंदा जास्त फुलली आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतात.

पुढची लादी घेणार, पण 'लो ईसी' (म्हणजे कमी क्षारांची) छापलेली आणि अर्ध्या वजनाची. पाच पैकी अँथुरियमच्या घराण्यासाठी साडेचार, सक्युलंटसाठी एक, तोही नुसत्या बी रुजवायच्या ट्रेपुरता.