नोकरीवरून काढलंय: लवादाकडे जायचं की औद्योगिक न्यायाधिकरणात? निवाड्यानंतर कोर्ट किती हात घालतं ते आधी बघा

टर्मिनेशन लेटर हातात पडलं की सगळे एकच विचारतात, केस कुठे लवकर संपेल. मला वाटतं त्याआधी दुसरं विचारायला हवं, निवाडा चुकीचा लागला तर वरचं कोर्ट तो दुरुस्त करेल का, आणि तुमच्या बाजूने लागला तर कंपनी तो किती लोंबकळत ठेवू शकेल. दोन्ही रस्त्यांमधला खरा फरक इथेच पडतो.

पहिला रस्ता अपॉइंटमेंट लेटरमधल्या आर्बिट्रेशनच्या कलमाचा, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे (लवादाकडे) न्यायचा, त्याला 1996 चा लवाद कायदा लागतो. यात निवाड्याला आव्हान कलम 34 खाली, तीन महिन्यांत, फार तर वर 30 दिवस, त्यानंतर दार बंद. आणि कारणं अगदी मोजकी: तुम्हाला बाजू मांडू दिली नाही, लवाद कराराबाहेर गेला, सार्वजनिक धोरणाला धक्का, किंवा उघड दिसणारी बेकायदेशीरता. लवादाने कायदा चुकीचा लावला एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही, पुरावा पुन्हा तपासून तर नाहीच, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी, ईमेल्स, जे काही आहे ते लवादापुढेच मांडायचं, नंतर संधी नाही.

कोर्टाला निवाड्यात बदल करता येतो का यावर बरीच वर्षं घोळ होता. ज्या केसमधून तो सुटला ती नोकरीचीच होती, लवादाने कर्मचारी महिलेला 2 कोटी दिले, मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी त्यात 1.6 कोटी वाढवले आणि खंडपीठाने ती वाढ 50,000 वर आणली. बघा, एकाच निवाड्यावर किती टोकं! शेवटी 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 4 विरुद्ध 1 ने सांगितलं की बदल करता येतो पण मर्यादित, वेगळा काढता येणारा भाग, हिशेबाच्या किंवा टायपिंगच्या चुका, निवाड्यानंतरचं व्याज वगैरे. पुरावा नव्याने तोलणं त्यात येत नाहीच.

दुसरा रस्ता न्यायाधिकरणाचा, म्हणजे कामगार-मालक वादांसाठी सरकारने नेमलेल्या मंचाचा, पण तो औद्योगिक कायद्यातल्या 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांनाच. पदाला मॅनेजर म्हटलं म्हणून तुम्ही आपोआप बाहेर पडत नाही, रोज प्रत्यक्षात काय काम करता ते बघतात. इथे अपील नाही, हायकोर्टात रिट, म्हणजे राज्यघटनेखालची याचिका. हायकोर्टही पुरावा नव्याने तोलत नाही, पण निष्कर्षाला पुरावाच नसेल, महत्त्वाचा पुरावा नाकारला असेल किंवा कायद्याची चूक निवाड्यावर उघड दिसत असेल तर हात घालतं. कलम 34 पेक्षा ही खिडकी मोठी आहे.

शिवाय न्यायाधिकरण शिक्षा जास्त झाली म्हणून कमी करू शकतं, कामावर परत घ्यायला लावू शकतं. खाजगी लवादाकडून ते मिळणं अवघड, कारण वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने चालवायला कायदा सहसा लावत नाही, म्हणून तिथे शेवटी पैशावरच येतं. आणि न्यायाधिकरणाने कामावर घ्या म्हटल्यावर कंपनी हायकोर्टात गेली तर केस चालू असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार मिळतो, फक्त दुसरीकडे नोकरी नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. घरात एकच कमावणारा असेल तर मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो, कारण पगार बंद पडला की माणूस मिळेल त्या रकमेवर सेटल करतो.

दोन्ही बाजूंनी लेखी ठरवून औद्योगिक कायद्याखालीही लवाद नेमता येतो, त्याच्या निवाड्यावरही रिट चालते, पण कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

मग ठरवायचं कसं? कामगार असाल आणि नोकरी परत हवी असेल तर न्यायाधिकरण, वेळ लागला तरी. वरच्या पदावर असाल, भांडण नोटीस पे, बोनस, शेअर्स असल्या पैशाचं असेल आणि कागद पक्के असतील तर लवाद बरा, 2015 च्या दुरुस्तीनंतर नुसता कलम 34 चा अर्ज टाकला म्हणून पैसे थांबत नाहीत, कंपनीला वेगळा स्टे मागावा लागतो.

फक्त लवाद कोण नेमतंय ते बघा. कंपनीने एकटीने नेमलेला एकल लवाद चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलंय, पण वाद सुरू झाल्यावर तुम्ही लेखी संमती दिलीत तर तो आक्षेप संपतो, त्यामुळे एचआरच्या ईमेलला घाईत 'मान्य आहे' असं उत्तर देऊ नका.