पहिली रिमोट कार: ॲक्सिअल एससीएक्स२४

१:२४ मापाची ही क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवरून हळू चढणारी गाडी. पळवायची नाही, चढवायची. ८८ टर्नची (तारेचे ८८ वेढे असलेली) ब्रश्ड मोटर वेगापेक्षा जोर देते, त्यामुळे भिंतीवर आपटली तरी सहसा काही मोडत नाही. पुस्तकांची चळत आणि कुंडीतले दगड मांडले की घरातच ट्रॅक तयार.

दुखरी जागा म्हणजे स्टिअरिंगचा सर्व्हो, चाकं वळवणारी छोटी मोटर. चाक खाचेत अडकलेलं असताना वळण दाबून धरलं की आतल्या बारीक दातांवर ताण येतो आणि ते झिजतात. आधी गाडी थोडी मागे घ्या, मग वळवा. शिवाय गाडी वरून जड, उभ्या चढावर मागे कोलांटी खाते. पुढच्या चाकांत पितळी वजनं बसवा, फरक लगेच दिसतो. मागे घातलीत तर पैसे वाया!

बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), ७.४ व्होल्ट, ३५० एमएएच. गाडी मंदावली की थांबायचं. सेल ३ व्होल्टखाली उतरला की कायमचा खराब होऊ शकतो. काही दिवस खेळणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर, गादीवर नाही.

गालिच्यावर चालवलीत तर केस आणि दोरे ॲक्सलला (चाकांच्या दांड्याला) गुंडाळतात. चिमट्याने काढा, नाहीतर मोटर तापते.