चार जणांचा घुमटी तंबू: आडोशाच्या किनाऱ्यासाठी कसा?

आईवडील, दोन लहान मुलं आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या किनारी उद्यानात दोन रात्रींचा मुक्काम. एवढ्यासाठी दोन पदरी घुमटी तंबू खुशाल घ्या. फक्त पिशवीवरचं ‘चार जणांसाठी’ शब्दशः घेऊ नका. तो आकडा माणशी साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरून काढतात. २४० सेंटिमीटर रुंदीच्या तळावर चार अंथरुणं टाकली की सामानाला जागाच उरत नाही. म्हणून पुढे पडवी असलेलाच घ्या. वाळूने माखलेल्या चपला तिथेच राहतात.

खरी उणीव खुंट्यांची. सोबत मिळणाऱ्या वीतभर लांब, बारीक लोखंडी खुंट्या मातीत चालतात. कोरड्या वाळूत मूल दोरीला अडखळलं की उपसून येतात. त्याऐवजी सहा ते आठ रिकाम्या कापडी पिशव्या न्या. पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा, गळ्याशी ताणदोरी अडकवा आणि ३० ते ४० सेंटिमीटर खोल पुरा. दोरी तिरकी बाहेर यावी म्हणून खड्ड्याच्या तंबूकडच्या कडेला बारीक चर पाडा. वरची वाळू पायाने दाबून थोडं पाणी मारा. आता ओढ एका सळईवर न येता वरच्या सगळ्या वाळूवर येते. नायलॉनची दोरी दवाने सैल पडते, झोपण्याआधी पुन्हा ताणा.

आडोशाच्या जागेची दुसरी बाजू म्हणजे रात्री वारा पडतो. चार जणांच्या श्वासाची वाफ बाहेरच्या कापडाला आतून धरते आणि पहाटे टपकते. तंबू गळतो, अशी तक्रार पुष्कळदा यामुळेच होते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि बाहेरचं कापड आतल्याला टेकणार नाही इतकं ताणा. जाळी मात्र बारीक हवी. डासांना अडवणाऱ्या जाळीतून वाळूमाशा आत शिरतात.

खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावलं, तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तळाखाली येतं. ते चारही बाजूंनी आत दुमडा.

जागा निवडताना सुक्या शेवाळाची सर्वांत वरची रेषा शोधा आणि तिच्याही बरंच वर राहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती जास्त वर चढते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे संध्याकाळी भरती असेल तर पुढची पहाटे, सगळे झोपेत असताना येते.

परतल्यावर गोड्या पाण्याने तंबू धुवा, झिपचे दात जुन्या टूथब्रशने घासा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओला गुंडाळून ठेवला तर आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. खरेदीच्या वेळी दाराची झिप कोपऱ्यावरून दहादा फिरवून बघा. दुकानातच अडखळणारी झिप वाळू बसल्यावर सरकणार नाही.