निकॉन एफ३ की कॅनन न्यू एफ-१: जुना घ्यायचा तर कोणता?

एफ३ आला १९८० मध्ये, न्यू एफ-१ त्याच्या पुढच्याच वर्षी. दोन्ही फिल्मचे एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारे) कॅमेरे, दोन्ही व्यावसायिकांसाठी बनवलेले, दोन्ही दणकट. त्यामुळे आज सेकंडहँड घेताना 'मजबूत कोणता' यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही. काय बिघडू शकतं आणि बिघडल्यावर हाती काय उरतं, ते बघा.

एफ३ मध्ये सर्वांत जास्त चीड आणते ती फ्लॅशची सोय. फ्लॅश बसवायची जागा रीवाइंडच्या नॉबभोवती, तीही निकॉनच्या खास मापाची. नेहमीचा फ्लॅश लावायचा तर अडॅप्टर हवा, आणि रोल संपला की गुंडाळण्याआधी फ्लॅश उतरवा. बातमीदारांच्या हातात द्यायच्या कॅमेऱ्यावर हे कोणाला सुचलं असेल? सिंकही, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/८० सेकंदावरच अडकलेला. कॅननवर साधा हॉट-शू (फ्लॅश थेट सरकवायची नेहमीची खाच) आहे, सिंक १/९०. लग्नकार्यात फ्लॅश मारायचा असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, कॅनन घ्या.

सेलच्या बाबतीतही कॅनन सरस. एफ३चं शटर इलेक्ट्रॉनिक. सेल मेले की माउंटशेजारच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) छोट्या लिव्हरवर साधारण १/६० चा एकच वेग मिळतो. न्यू एफ-१ मध्ये सेल काढून टाकला तरी १/१२५ ते १/२००० हे वेग यांत्रिकपणे चालतात. उन्हात काम अडत नाही.

पण एफ३ मध्ये ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो) अंगभूत आहे. कॅननला त्यासाठी वेगळा एई फाइंडर (बदलून बसवायचा व्ह्यूफाइंडर) लागतो, आणि शटर प्रायॉरिटीला (वेग आपला, छिद्र कॅमेऱ्याचं) वाइंडर किंवा मोटर ड्राइव्ह, म्हणजे फिल्म आपोआप पुढे नेणारी मोटर. नुसती बॉडी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका, हा खर्च नंतर निघतो. मीटरने उजेड एका ठिपक्यावर (स्पॉट) मोजायचा की सरासरी, हेही कॅननमध्ये फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उमटतं ती काच) बदलून ठरतं. ही युक्ती मला आवडते, पण ती स्क्रीन आधी मिळायला हवी.

एफ३च्या व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा वेग एलसीडीवर दिसतो. अंधारात तो वाचायला एक लाल बटण आहे, दाबायला अवघड आणि उजेड नावापुरता. एलसीडी वयानुसार फिकट होऊ शकतो, म्हणून आकडे ठळक आहेत का ते आधी बघा. दुकानात तपासताना आणखी एक गोष्ट: फ्रेमचा काउंटर १ वर येईपर्यंत एफ३ प्रत्येक फोटो १/८० वरच घेतो. मागचं झाकण बंद करून काउंटर पुढे न्या, मग वेग तपासा. नाहीतर चांगला कॅमेरा खराब म्हणून परत ठेवाल.

आत उजेड शिरू न देणारा फोम दोन्हींचा कुजतो, बदलायला फार खर्च नाही. आपल्या कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात खरी भीती लेन्स आणि प्रिझममधल्या बुरशीची. टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

आता लेन्सचं. १९८७ मध्ये कॅननने ईओएस या नव्या ऑटोफोकस मालिकेसाठी नवा माउंट आणला आणि न्यू एफ-१चा एफडी माउंट मागे पडला. एफडी लेन्स ईओएस एसएलआरवर सरळ बसत नाहीत. निकॉनचा एफ माउंट मात्र १९५९ पासून डिजिटल एसएलआरपर्यंत टिकला, त्यामुळे एफ३चे एआय (ॲपर्चर मीटरला आपोआप कळवणारे) लेन्स नंतरच्या बऱ्याच निकॉनवरही चालतात. यंत्र म्हणून मला कॅनन जास्त पटतो. पण घरात आधीच निकॉनचे लेन्स असतील, किंवा एकच बॉडी आणि एक ५० एमएम लेन्स घेऊन बाहेर पडायचं असेल, तर एफ३च घ्या. चष्मा असेल तर त्यातला एचपी फाइंडरवाला (डोळा थोडा लांब असला तरी पूर्ण फ्रेम दिसते) बघा.