गाडी वाटेत बंद पडली, तर मिस्त्री, कंपनीची व्हॅन की क्रेन?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी नुकताच नवा बीएस-सहा (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक पाळणारा) ट्रक घेतला आणि पहिल्याच फेरीआधी विचारले की, एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्गावर) सेंधव्याच्या अलीकडे रात्री गाडी बंद पडली तर ढाब्याजवळचा मिस्त्री बोलवावा, कंपनीच्या ब्रेकडाउन व्हॅनची वाट पाहावी, की सरळ क्रेन लावावी. आमच्याकडे एक जुनी आणि एक नवी अशा दोन गाड्या असल्याने तिन्ही मार्गांचा अनुभव गाठीशी आहे. बहुतेक मालक हा निर्णय खर्चावरून घेतात. माझ्या मते तो गाडीच्या पिढीवरून आणि बिघाडाच्या जातीवरून घ्यावा.

कोणालाही फोन करण्यापूर्वी गाडी कडेला घेऊन, चाकांना दगड लावून आणि त्रिकोण बराच मागे ठेवून, चालकाकडून एवढे समजून घ्यावे की सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतो का आणि फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर आधी बॅटऱ्यांचे टर्मिनल पाहावेत. 24 व्होल्टसाठी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्याने त्यांपैकी एकीचे टोक ढिले असले तरी गाडी उठत नाही. सेल्फ जोरात फिरतो पण धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण जळत नाही. चालत्या गाडीने काळा धूर सोडून ताकद गमावली असेल तर टर्बोचा होज निसटला आहे का ते पाहावे. तो क्लॅम्प आवळण्याचे काम चालकही करू शकतो.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीला मिस्त्रीच बरा. टाकी रिकामी होऊन किंवा पाइपाला चीर पडून लाइनने एअर घेतली असेल, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली असेल, तर तो फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि फीड पंपाचा हॅण्ड प्रायमर दाबत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळून सेल्फ मारायचा. अर्ध्या तासाच्या आत होणाऱ्या या कामासाठी व्हॅनची चार तास वाट पाहण्यात अर्थ नाही.

नव्या गाडीत मात्र हाच सराईत हात धोक्याचा ठरतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या ट्रकांत, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना उच्च दाबाचे डिझेल पुरवणारी सामाईक नळी असते. तिच्यातला दाब 1600 बार किंवा त्याहूनही अधिक चढतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सुमारे दोनशे पट. चालू इंजिनावर नोझलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहण्याची जुनी रीत येथे केली, तर डिझेलची ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी त्याला कमी दाबाच्या बाजूचा फिल्टर आणि वॉटर सेपरेटर यांपलीकडे हात लावू देऊ नये.

दुसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. मानपूरच्या चढणीवर आमची नवी गाडी भरलेली असताना ओढेनाशी झाली. मिस्त्रीने दोन फिल्टर बदलले, टाकीचा पाइप फुंकला, तीन तास गेले. शेवटी व्हॅनमधून आलेल्या मुलाने स्कॅनर लावला आणि कारण निघाले डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण. चालकाने कुठल्याशा कॅनमधले पातळ द्रावण भरले होते. त्यात युरिया 32.5 टक्के असावा लागतो. सेन्सरला फरक कळला की गाडीतला संगणक मुद्दाम ताकद कमी करतो. इंजिनात बिघाड नव्हताच! अशा वेळी डीईएफ बायपास करून देतो म्हणणारेही भेटतात, परंतु ते बेकायदेशीर आहे आणि वॉरंटीही जाते.

क्रेनचा विचार शेवटी करावा, पण काही लक्षणांत तोच पहिला असावा. ऑइलचा दाब शून्यावर आला, आतून ठोके ऐकू येऊ लागले किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले, तर पुन्हा सेल्फ मारूच नये. ओढण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) उतरवून घ्यावा, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला पुरेसे वंगण मिळत नाही. ब्रेकच्या टाकीतली हवा उतरल्यावर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप जाम होतात. ते बोल्टने मोकळे करताना चाकांखालचे दगड काढू नयेत. भरलेल्या गाडीचा माल दुसरीकडे उतरवण्याचा खर्चही क्रेनच्या भाड्यात धरावा. गाडी राष्ट्रीय महामार्गाच्या मधल्या लेनमध्येच अडकली असेल, तर 1033 वर कळवून ती आधी बाजूला करून घ्यावी.

नुसते पाणी तापले असेल तर यांपैकी कोणालाच घाई करून बोलावू नये. इंजिन निवल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे आणि पट्टा तुटला आहे का ते पाहावे.

शेजाऱ्यांच्या गाडीसाठी माझे मत व्हॅनच्या बाजूने आहे, विशेषतः इंदूर ते मानपूर या टप्प्यात, कारण शहर जवळ असल्याने मदत आणि सुटे भाग त्यामानाने लवकर पोहोचतात. आमच्या जुन्या गाडीच्या पेटीत पाने, एक डिझेल फिल्टर आणि मीटरभर पाइप असतो, आणि डायरीत खलघाट ते शिरपूरपर्यंतच्या मिस्त्र्यांचे नंबर. नव्या गाडीत सीलबंद डीईएफचा कॅन, फ्यूजची डबी आणि काचेच्या वरच्या झडपेवर ठळक अक्षरांत लिहिलेला एकच नंबर आहे.