अल्बायसिन की सांता क्रूझ? अंदालुसियातला मोकळा दिवस कुठे घालवावा

दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाची सहल आखताना बहुतेक दिवस आधीच वाटले जातात. ग्रानादात अल्हाम्ब्रा हा मुस्लिम राजांचा किल्ला-महाल, सेव्हियात कॅथेड्रल आणि अल्काझार हा राजवाडा. त्यातून एखादा दिवस वाचवून जुन्या वस्तीत निवांत भटकायचं म्हटलं, की प्रश्न येतो: ग्रानादाचं अल्बायसिन की सेव्हियाचं सांता क्रूझ? फोटोत दोन्हीकडे पांढऱ्या भिंती, अरुंद बोळ आणि फुलांच्या कुंड्याच दिसतात. पण दोन्ही वस्त्यांची घडण अगदी वेगळी आहे. माझा कौल अल्बायसिनला आहे, मात्र तो सगळ्यांना लागू पडणार नाही.

अल्बायसिन म्हणजे दारो नदीपलीकडची, अल्हाम्ब्राच्या समोरची टेकडी. अकराव्या शतकात झिरी या मुस्लिम राजवटीने इथे तटबंदी उभारली, तिचे लांबच लांब तुकडे आजही उभे आहेत. नदीकाठचं एल बान्युएलो हे हमामही त्याच काळातलं. छतातल्या तारेच्या आकाराच्या झरोक्यांतून आत उजेड येतो. उंचावरच्या या वस्तीला पाणी मिळायचं ते अल्फाकारच्या झऱ्यापासून काढलेल्या आयनादामार कालव्याचं, आणि ते साठायचं जमिनीखालच्या विटांच्या टाक्यांत. फिरताना या टाक्यांची कमानदार तोंडं जागोजागी दिसतात, अनेकदा चर्चला खेटून. कारण उघड आहे. आधी तिथे मशीद होती. मशीद गेली, चर्च आलं, टाकं जागेवरच राहिलं.

हा बदल सुखासुखी झाला नाही. १४९१ च्या शरणागतीच्या तहात ग्रानादाच्या मुसलमानांना धर्म पाळण्याची हमी दिली होती. २ जानेवारी १४९२ ला शहर इसाबेला आणि फर्नांदो या कॅथलिक राजाराणीच्या ताब्यात गेलं आणि १४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोसने सामूहिक बाप्तिस्मे सुरू केले. अल्बायसिन पेटून उठलं. बंडानंतर तह मोडीत निघाला. पुढे १५६८ च्या उठावानंतर मोरिस्कोंना, म्हणजे धर्मांतरित मुसलमानांना, ग्रानादातून घालवून देण्यात आलं आणि गजबजलेली टेकडी ओस पडली. रिकामी घरं पाडून, शेजारच्या जागा जोडून उंच भिंतींआडची बागेची घरं झाली. त्यांना ‘कार्मेन’ म्हणतात. बाहेरून दिसते फक्त कोरी भिंत, तिच्यावरून डोकावणारं सरूचं झाड आणि एखादा द्राक्षवेल. हे सौंदर्य कुठून आलं हे कळलं, की त्या भिंतीजवळून जाताना पाऊल आपोआप मंदावतं.

इथे दोन मनोरे जरूर पाहा. सान होसे आणि सान हुआन दे लोस रेयेस या चर्चचे घंटाघर मुळात मशिदींचे मिनार आहेत. सान हुआनच्या मिनारावर विटांची जाळीदार नक्षी आहे, तशीच नक्षी मोठ्या प्रमाणावर सेव्हियाच्या हिराल्दावर, म्हणजे कॅथेड्रलच्या मिनारातून झालेल्या घंटाघरावर, दिसते. सान साल्वादोर चर्चला लागून तर मशिदीचं जुनं अंगणच शिल्लक आहे.

आता सांता क्रूझ. १२४८ मध्ये तिसऱ्या फर्नांदोने सेव्हिया जिंकल्यावर इथे ज्यूंची वस्ती झाली. एसिखाचा आर्चडीकन (चर्चचा वरिष्ठ अधिकारी) फेर्रान मार्तिनेस याच्या चिथावणीने जून १३९१ मध्ये तिच्यावर भीषण हल्ला झाला. असंख्य माणसं मारली गेली, वाचलेल्यांपैकी अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. सिनेगॉगांची चर्च झाली. त्यांतलं सांता मारिया ला ब्लांका अजून आहे, पण आत शिरल्यावर दिसतं ते सतराव्या शतकातलं: छत आणि कमानी पांढऱ्या गिलाव्याच्या नक्षीने इंचन् इंच भरलेल्या. दुसरं, सांता क्रूझ नावाचं चर्च, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनच्या फ्रेंच फौजांच्या ताब्याच्या काळात पाडलं गेलं. चित्रकार मुरिल्योला तिथेच पुरलं होतं. आज त्या जागी चौक आहे आणि मधोमध १६९२ चा घडीव लोखंडी क्रूस.

वस्तीचं आजचं रूप मात्र बरंचसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाच्या तयारीत वेगा-इन्क्लानचे मार्केस (उमराव) आणि वास्तुकार हुआन तालावेरा यांच्यासारख्यांनी चौक मोकळे केले, कारंजी आणि टाइल्सची बाकं बसवली, घरांना नवा साज दिला. दोन्या एल्विराच्या चौकातली संत्र्याची झाडं आणि बाकं त्याच काळाची देणगी. म्हणून ते खोटं ठरत नाही. शहराने स्वतःचं रूप कसं कल्पिलं याचा तो सुंदर नमुना आहे. पण १३९१ च्या आधीची ज्यू वस्ती बघायला मिळेल या आशेने जाल, तर हाती फार थोडं लागेल. युनेस्कोच्या यादीतही सेव्हियाचं कॅथेड्रल, अल्काझार आणि इंडीजचा, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींच्या कागदपत्रांचा, दप्तरखाना आहे; अल्बायसिन मात्र १९९४ मध्ये वस्ती म्हणूनच यादीत आलं.

सांता क्रूझचं खरं सुख घराच्या आत आहे. लोखंडी जाळीच्या दारातून आपल्या वाड्यातल्या चौकासारखं मधलं अंगण दिसतं: कुंड्या, टाइल्स, गारवा. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा या अंगणांचं आणि अरुंद बोळांचं मोल कळतं. शिवाय लोस वेनेराब्लेस ही वृद्ध धर्मगुरूंसाठी सतराव्या शतकात बांधलेली वास्तू आहेच. तिचं पायऱ्यांनी खाली उतरलेलं गोल कारंजं चुकवू नका.

सोबत आई-वडील असतील, गुडघे कुरकुरत असतील किंवा लहान मुलाची ढकलगाडी असेल, तर सांता क्रूझच निवडा. सगळं सपाट, कॅथेड्रलपासून दोन पावलांवर. अल्बायसिनच्या चढावर नदीतल्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षीदार फरसबंदी आहे. दिसते देखणी, पण पायांना टोचते आणि पावसात निसरडी होते. छोट्या बस वरपर्यंत जातात. बसने वर जा आणि चालत खाली उतरा. समोर अल्हाम्ब्रा दिसणाऱ्या सान निकोलासच्या कट्ट्यावर संध्याकाळी तोबा गर्दी असते, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचा, प्लासा लार्गा या चौकात कॉफी घ्या आणि मग नकाशा खिशात ठेवून दारोच्या दिशेने उतरायला लागा.